गुणिले शंभर

परदेशात पहिल्यांदा आलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात एक कॅल्क्युलेटर फिट केलेला असतो. विमान उतरलं रे उतरलं की तो आपोआप ऑन होतो. पाण्याची बाटली? गुणिले शंभर. सँडविच? गुणिले शंभर. एअरपोर्टवरची कॉफी? गुणिले शंभर, आणि मग एक दीर्घ श्वास. सध्या एका युरोला शंभराहून जास्तच रुपये पडतात, पण वरचे रुपये आपण मनाच्या समाधानासाठी सोडून देतो. हिशेब सोपा पडतो आणि धक्का थोडा कमी बसतो, एवढंच.

मी गेली सात वर्षं स्टुटगार्टमध्ये आहे. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम. पुण्याहून इथे येणाऱ्यांपैकी अर्धे लोक त्याच कामासाठी येतात, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझा कॅल्क्युलेटर पहिल्या पगारानंतर बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला २०२५ च्या मे महिन्यात, आई-बाबा आले तेव्हा. आणि या वेळी तो माझ्या नाही, बाबांच्या डोक्यात चालू होता. चोवीस तास!

तुमच्याकडेही येत्या उन्हाळ्यात कुणी यायचं असेल, किंवा तुम्हीच कुणाकडे जाणार असाल, तर हे वाचून ठेवा. जर्मनीतली स्वस्ताई-महागाई आणि खरेदीचे फंडे तर आहेतच. पण खरा मुद्दा थोडा वेगळा आहे.

वही

बाबा सहकारी बँकेत कॅशियर होते. चौतीस वर्षं. रोज संध्याकाळी गल्ला जुळल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत. त्यामुळे बॅगेतून स्वेटर, औषधं आणि दिवाळी अंकांबरोबर एक दोनशे पानी वही निघाली, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. तारीख, वस्तू, युरो, रुपये. चार रकाने, पट्टीने आखलेले.

पहिले पंधरा दिवस मला गंमत वाटत होती. मग लक्षात आलं की बाहेर पडलं की बाबांना काहीच नको असतं. श्लॉसप्लाट्झच्या चौकात सगळं जग उन्हात कॉफी पीत बसलेलं असतं आणि बाबा म्हणतात, "मला नको गं, सकाळी चहा झालाय." भूक? नाही. आइस्क्रीम? दाताला थंड लागतं. आईसुद्धा मग "मलाही नको" म्हणते आणि मी एकटी चार युरोची कापुचिनो घेऊन दोघांसमोर बसते. कशी उतरणार ती घशाखाली?

एका रात्री भांडी आवरताना आईने हळूच सांगितलं, "ते सगळं लिहून ठेवतायत. घरी गेल्यावर तुझ्या खात्यात टाकायचं म्हणतायत."

आमची पणजी लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही. आजीने पाण्याला हरकत घेतली नाही, पण जेवण झालं की ताटाशेजारी पाच रुपयांची नोट ठेवायची. बाबा असल्या गोष्टींना हसतात. मला शिकवलं, एकटीला परदेशी पाठवलं, नातेवाइकांची तोंडं बंद केली. पण वही काढलीच.

मी सरळ विचारलं. "बाबा, मी कॉलेजला असताना तुम्ही माझ्या मेसचं बिल लिहून ठेवलं होतं का?"

"तो हिशेब वेगळा. बाप लेकीला देतोच."

"आणि लेक बापाला?"

बाबांनी हातातलं सुपरमार्केटचं जाहिरातपत्रक घडी घालून ठेवलं आणि झोपायला गेले. विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला.

गुणाकार सोडा, भागाकार करा

कॅशियर माणसाला भावनेने पटत नाही, आकड्याने पटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आकड्यांनी सुरुवात केली.

जर्मनीत कायद्याने ठरलेलं किमान वेतन आहे. २०२५ मध्ये ते तासाला १२ युरो ८२ सेंट होतं, १ जानेवारी २०२६ पासून १३ युरो ९० सेंट झालं. म्हणजे दुकानात फळ्या भरणारा किंवा ऑफिसची लादी पुसणारा माणूससुद्धा तासाला निदान एवढे कमावतो. आता कुठल्याही किमतीला शंभराने गुणायच्या ऐवजी या आकड्याने भागा. एक लिटर दूध साधारण एक युरो, म्हणजे पाच मिनिटांपेक्षा कमी काम. कॉफी चार युरो, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. आणि पुरुषांचे केस कापायला तीस युरो लागले, तर सव्वादोन तास!

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. पुण्यात बाबांची कटिंग दोन-अडीच लिटर दुधाच्या किमतीत होते. स्टुटगार्टमध्ये तिला तीस लिटर दूध लागतं. म्हणजे इथे सगळं महाग नाहीये. ज्या गोष्टीला माणसाचा हात लागतो, ती महाग आहे. दूध, लोणी, पीठ, बटाटे, पास्ता, चॉकलेट हे कारखान्यातून थेट फळीवर येतं, म्हणून स्वस्त. न्हावी, प्लंबर, टॅक्सी, हॉटेलातला वेटर, शिवणकाम हे सगळं महाग. घरी जेवलात तर जर्मनी परवडते. बाहेर बसून जेवलात की एका डिशला पंधरा-वीस युरो सहज जातात.

म्हणून पहिली टिप: पाहुण्यांनी केस पुण्यातच कापून यावेत, चष्म्याची जास्तीची जोडी, दातांची कामं आणि ब्लाउजचे टाके तिकडेच उरकून यावेत. इथे येऊन दूध-लोणी मात्र बिनधास्त खावं.

बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हणजे इथे माणसाची किंमत आहे." मग थोडं थांबून, "पण मी तर काही कमवत नाहीये ना इथे."

माझा भागाकार तिथे अडकला.

ट्रॉलीचं नाणं आणि बसलेला कॅशियर

तोवर रोजची खरेदी तर करायचीच होती. इथे किराणा म्हणजे आल्डी, लिडल ही डिस्काउंट दुकानं, नाहीतर रेवे, एडेका ही जरा टापटीप सुपरमार्केटं. साबण, शांपू, क्रीम घ्यायला डीएम किंवा रॉसमान. साखर, पीठ, दूध, अंडी यासाठी डिस्काउंट दुकानाचा स्वतःचा ब्रँड डोळे मिटून घ्या. नाव नसलेल्या पाकिटाला हलकं समजायची सवय सोडा.

बहुतेक ठिकाणी ट्रॉली साखळीला बांधलेली असते. खाचेत एक युरोचं किंवा पन्नास सेंटचं नाणं सरकवलं की सुटते, परत जागेवर लावली की नाणं हातात. बाबांना ही आयडिया फारच पटली. "ट्रॉली परत आणायला माणूस ठेवायला नको. एका नाण्यावर काम!"

पिशवी घरून न्या, नाहीतर काउंटरवर विकत घ्यावी लागते. फळीवरच्या लेबलवर मोठ्या अक्षरात पाकिटाची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरात एका किलोची किंवा लिटरची. ही बारीक ओळ वाचायची. ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि खरी स्वस्ताई तिथेच कळते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही. आणि लेबलवरच्या किमतीत टॅक्स धरलेला असतो. बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के, बाकी बहुतेक वस्तूंवर १९ टक्के. वर काही लागत नाही.

सरकत्या पट्ट्यावर सामान मांडलं की मागच्या माणसासाठी आडवी दांडी ठेवायची. आणि मग तयार राहायचं, कारण इथले कॅशियर वाऱ्याच्या वेगाने वस्तू सरकवतात. पिशवी भरणं तुमचं काम. जमलं नाही तर सगळं परत ट्रॉलीत टाका आणि बाजूला जाऊन निवांत भरा. मागची रांग डोळे वटारते, पण बोलत नाही.

बाबा पहिल्या दिवशी त्या कॅशियर बाईंकडे बघतच राहिले. वेगासाठी नाही. त्या खुर्चीवर बसल्या होत्या म्हणून. "बघ, पाठ टेकायची खुर्ची आहे तिला." चौतीस वर्षांनी बाबांची कंबर गेली ती काउंटरमागच्या स्टुलावरच. त्या दिवसापासून त्यांनी त्याच काउंटरची रांग धरली आणि दर वेळी वाकून "डांके" म्हणायला लागले.

रविवारी मात्र सगळं बंद. अगदी खरंच बंद! रविवारच्या विश्रांतीला जर्मनीच्या राज्यघटनेचं संरक्षण आहे. बेकरी काही तास उघडी असते, मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप चालू असतात, पण तिथले भाव चढे. शनिवारी संध्याकाळी फ्रीज उघडून बघायची सवय लावून घ्या. सोमवारी सुट्टी आली तर दुप्पट बघा.

चक्का सापडला!

भारतातून बॅग भरताना एक लक्षात ठेवा: तूप, पेढे, पनीर, कुठलाही दुधाचा पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये सामानातून आणायला मनाई आहे. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी विसरा. मसाले, भाजणी, मेतकूट, पापड, लाडवांपेक्षा चिवडा, हे आणा. गोडा मसाला तर हवाच, तो इथे कुठे मिळणार?

बाकीचं इथे मिळतं, फक्त नाव ओळखता आलं पाहिजे. क्वार्क नावाचा डबा म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. त्यातला जास्त फॅटचा घ्या, साखर, वेलची, केशर घाला, अर्ध्या तासात श्रीखंड. बिनमिठाचं लोणी कढवा, तूप तयार. ग्रीस म्हणजे रवा. किखरएर्ब्सनमेल म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पण ते इंडियन किंवा तुर्की दुकानात स्वस्त पडतं. गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर नंबर असतात. ४०५ म्हणजे मैद्यासारखं, १०५० त्यातल्या त्यात पोळीच्या जवळ जाणारं. लाल मसूर सुपरमार्केटात सर्रास. तूरडाळ, पोहे, हिंग मात्र इंडियन स्टोअरमध्येच.

आणि कोथिंबीर तुर्की दुकानातून! सुपरमार्केटात चार काड्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात. तुर्की दुकानात हातभर जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी, पुदिना. आई पहिल्यांदा तिथे शिरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मंडईत आल्याचा आनंद होता.

बॉटल चुरगळू नका

पाणी नळाचंच प्या. उत्तम असतं. बाहेर जाताना घरून भरून न्या. हॉटेलात पाणी आपोआप येत नाही, मागवलं तर बिलात येतं, आणि कधीकधी बिअरपेक्षा महाग पडतं. दुकानातून घ्यायचंच झालं तर लेबलवर "स्टिल" शोधा. "क्लासिक" म्हणजे सोड्यासारखं बुडबुड्यांचं. पहिल्या दिवशी बाबांनी क्लासिक बाटली तोंडाला लावली आणि थेट आईकडे बघितलं, जणू तिनेच काही घातलंय! स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात खनिज पाण्याचे झरे आहेत आणि काही ठिकाणी ते पाणी फुकट पिता येतं. चव लोखंडासारखी. "फुकट आहे ना, मग औषध समजून पी," बाबा आईला म्हणाले.

आता फाण्ड. पाण्याची, कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली किंवा कॅन घेतला की बिलात २५ सेंट जास्त लागतात. ती अनामत. २००३ पासून ही पद्धत आहे. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते आणि ती काउंटरवर दिली की पैसे परत. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. पण बाटली चुरगळलेली नको, बारकोड वाचता आला पाहिजे. आपल्याकडे बाटलीवरच लिहिलेलं असतं, वापरानंतर चुरगळा. आईने इमानेइतबारे सहा बाटल्या पिळून ठेवल्या आणि मशीनने सहाच्या सहा परत बाहेर ढकलल्या.

बाबांना मशीनचा नाद लागला. दर शनिवारी बाटल्या मोजून नेणार, चिठ्ठी वहीत नोंदवणार. जमेच्या बाजूला! वहीत एवढी एकच जमेची नोंद होती, त्यामुळे तिला फार मान.

जूनच्या अखेरीस आम्ही श्लॉसगार्टनच्या बागेत बसलो होतो. कडक ऊन होतं, गवतावर पोरंपोरी लोळत होती. एक गृहस्थ कचऱ्याच्या डब्यांत टॉर्च मारून बघत चालले होते. बाबांच्याच वयाचे. इस्त्रीचा शर्ट, पायात साधे बूट, हातात दोन मोठ्या पिशव्या. डब्यात हात घालून बाटली काढायची, थेंब झटकायचे, पिशवीत टाकायची, पुढचा डबा.

"हे काय करतायत?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. बाटल्या गोळा करतात, २५ सेंटच्या. पेन्शन पुरत नसणारे बरेच म्हातारे असं करतात. म्हणून इथले लोक रिकामी बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी ठेवतात. त्यांना आत हात घालावा लागू नये म्हणून.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. त्या गृहस्थांना लांब जाईपर्यंत बघत राहिले. मग आमच्या पिशवीतल्या चार रिकाम्या बाटल्या काढल्या. माझ्या मनात आलं, आता मोजतील. चार चोक, एक युरो. गुणिले शंभर. शंभर रुपये!

ते उठले, डब्यापाशी गेले आणि चारही बाटल्या त्याच्या पायथ्याशी एका ओळीत उभ्या करून आले. तोंडं एका बाजूला, बँकेत नोटा लावतात तशी.

"चल," म्हणाले. "कॉफी पिऊ या. मी देतो."

बाबांकडे फॉरेक्स कार्ड होतं. पुण्याहून भरून आणलेलं, "अडीअडचणीला" म्हणून. महिनाभर ते वहीच्या पुठ्ठ्यात खोचून ठेवलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते काउंटरवर टेकवलं, तिघांच्या कॉफ्या आणि आईसाठी चेरीचा केक घेतला. सतरा युरोंच्या आसपास झाले. मी मध्ये पडले नाही. दाताला थंड लागतं म्हणणारे बाबा कोल्ड कॉफी प्यायले!

सोमवारचं पाकीट

मला त्या दिवशी जे दिसलं ते माझ्या भागाकारात बसत नव्हतं. बाबांना कॉफी महाग वाटत नव्हती. दुसऱ्याने पैसे देताना शेजारी नुसतं उभं राहणं त्यांना जड जात होतं. आयुष्यभर ज्याच्या हातातून लाखो रुपये मोजून गेले, त्याच्या हातात इथे एक नाणं नव्हतं. ट्रॉलीचं नाणंसुद्धा माझ्याकडून मागून घ्यायचे.

मग मी एक केलं. आईसाठी शनिवारच्या कार्ल्सप्लाट्झच्या जुन्या बाजारातून एक छोटं चामडी पाकीट घेतलं आणि दर सोमवारी सकाळी त्यात तीस युरो ठेवायला लागले. एक युरो, दोन युरो, पन्नास सेंटची नाणी जास्त, नोटा कमी. आठवड्याची भाजी, ब्रेड, फळं तुम्ही दोघांनी आणायची. मी ऑफिसला. विचारायला फोन करायचा नाही!

पहिल्या दिवशी दोघं तुर्की दुकानात गेले आणि दोन तासांनी परत आले. कोथिंबीर, भेंडी, कलिंगडाचा तुकडा. आईने बोटांवर आणि मराठीत घासाघीस केली होती. दुकानदाराने एक लिंबू वर टाकलं होतं. ते लिंबू मला तीनदा दाखवण्यात आलं.

नंतर तर दोघं पटाईत झाले. बेकरीत आदल्या दिवशीचा ब्रेड कमी किमतीत मिळतो हे आईने शोधलं. मुदत संपत आलेल्या दह्या-दुधावर सुपरमार्केटात ३० टक्के सवलतीचं स्टिकर लागतं, ते बाबांनी. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी आणि बाबांची तर गट्टीच जमली. स्वाबियन लोक म्हणजे जर्मनीतली सदाशिव पेठ. काटकसरीसाठी सगळ्या देशात प्रसिद्ध आणि विनोदाचा विषय. इमारतीचा जिना पाळीपाळीने झाडायचा, त्याचीही इथे रीत आहे. आमच्या पाळीच्या आठवड्यात बाबांनी जिना असा लख्ख केला की आजींनी चिवड्याच्या बदल्यात घरच्या जॅमची बाटली दिली.

निघताना

शेवटच्या आठवड्यात आईला भांडी घ्यायची होती. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्या पाहुण्यांना इथल्या खरेदीवरचा टॅक्स परत मागता येतो. एका दुकानातली खरेदी पन्नास युरोंच्या वर हवी, पैसे देताना पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा आणि देश सोडताना कस्टम्सचा शिक्का घ्यायचा. वस्तू न वापरलेली आणि सोबत हवी. ती चेक-इन बॅगेत असेल तर बॅग आत जाण्याआधी दाखवावी लागते, म्हणून विमानतळावर एक तास लवकर जा. मला हे मिळत नाही, कारण मी इथली रहिवासी. म्हणून पातेल्याचं बिल आईच्या नावावर! आणि पूर्ण १९ टक्के हातात पडतील असं समजू नका, मध्ये सर्व्हिस चार्ज कापला जातो.

फ्रँकफर्टला शिक्का झाला, काउंटरवर थोडे युरो रोख मिळाले. बाबांनी ते मोजले, एकदा सरळ, एकदा उलटे, आणि माझ्या हातात ठेवले. "हे तुझे. पातेल्याचे पैसे तू दिले होतेस."

मी घेतले. वाद घातला नाही.

वही त्यांनी बरोबर नेली. मी ती आदल्या रात्री चाळली होती. मेच्या पानांवर चारही रकाने भरलेले. जूनच्या शेवटी रुपयांचा रकाना रिकामा राहायला लागला आणि जुलैत पट्टीने आखलेली ती चौथी रेघच नव्हती. २८ जूनच्या पानावर कॉफी आणि केकची नोंद होती, पुढे कंसात "स्वतः". आणि त्याच्या वर एक ओळ: "बाटल्या ४, बागेत ठेवल्या." पुढे रक्कम लिहिली नव्हती.

माझ्या खात्यात अजून तरी काही आलेलं नाही. फोनवर मात्र बाबा हल्ली कोथिंबिरीचा भाव सांगताना आधी तिकडचा सांगतात, मग इकडचा विचारतात.

फ्रीजवर लावून ठेवा

• व्हिसा आणि विमा: पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतोच. वय जास्त असेल तर आधीच्या आजारांबद्दलचं कलम नीट वाचा.

• औषधं: साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही, त्यासाठी फार्मसीतच, म्हणजे आपोटेकमध्ये जावं लागतं. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसह घरूनच आणा.

• प्रवास: लोकल आणि प्रादेशिक गाड्यांसाठी देशभर चालणारं डॉइचलांड तिकीट २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो आहे. ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा. वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. दोन-चार दिवसच फिरायचं असेल तर पाच जणांपर्यंतचं दिवसाचं गट-तिकीट स्वस्त पडतं. विनातिकीट सापडलात तर दंड ६० युरो.

• टॉयलेट: स्टेशनात आणि हायवेवर पन्नास सेंट ते एक युरो लागतो. नाणी खिशात ठेवा. म्युझियम किंवा लायब्ररीत गेलात तर तिथलं आधी वापरून घ्या. स्टुटगार्टची पांढरीशुभ्र सार्वजनिक लायब्ररी बघायला तिकीट नाही.

• रोख: छोट्या बेकऱ्या आणि बाजारातल्या गाड्यांवर अजूनही "फक्त रोख" अशी पाटी दिसते. कार्डावर विसंबून राहू नका.

• पावती: फेकू नका. वस्तू आवडली नाही म्हणून परत घेणं ही दुकानाची मर्जी असते, पण पावतीशिवाय कुणीच बोलत नाही.

• आणि नाण्यांचं पाकीट: पाहुणे आल्यावर पहिल्याच सकाळी, चहाच्या कपाशेजारी ठेवा. चौथ्या आठवड्यापर्यंत थांबू नका.